भाजी निवडताना ऐकलेला इतिहास

बॉनमध्ये बरीच वर्षं मी दर शनिवारी सकाळी भाजी निवडायला वरच्या मजल्यावर जात असे. स्वतःच्या घरात ओटा असताना, सुरी असताना आणि नवरा रिकामा बसलेला असताना मी पिशवी घेऊन जिने का चढते, याचं आमच्या इमारतीतल्या जर्मन बायकांना फार नवल वाटे. त्यांना काय सांगणार? वर एक बंगाली गृहस्थ एकटे राहत होते, ते इतिहास लिहीत होते आणि त्यांच्या इतिहासाला भाजी निवडणारं माणूस लागायचं.

मी त्यांना काका म्हणे. ते मला मा म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच. पांढऱ्याशुभ्र केसांचा माणूस, मी त्याच्या मुलीपेक्षाही लहान, आणि हा मला आई म्हणतो? मग कळलं की बंगाल्यांत बाप मुलीला असंच म्हणतो आणि वडीलधारी माणसं कुठल्याही लेकीसुनेला अशीच हाक मारतात. आपणही म्हणतो की 'अगं माझे आई', पण ते वैतागून. ते म्हणायचे ते मायेनं, आणि परदेशात अशी फुकटची माया कोणी देऊ केली तर नको म्हणण्याइतकी मी श्रीमंत नव्हते.

ओळख झाली ती पार्सलांमुळे. जर्मनीत पार्सलवाल्याला ज्या घरात माणूस सापडेल त्याच्या गळ्यात तो सगळ्या इमारतीची पार्सलं घालून जातो. मी घरून काम करायची, त्यामुळे गळा माझा. काकांची पार्सलं पुस्तकांची असत आणि विटांसारखी जड. पहिलं पार्सल घेऊन वर गेले तर दाराआड रेडिओवर बातम्या लागलेल्या. भाषा कळेना, पण बातम्यांचा सूर जगभर सारखाच असतो. संपू द्याव्यात म्हणून मी जिन्यात थांबले. त्या संपेचनात. एकच वाक्य पुन्हा आलं, मग पुन्हा आलं, आणि मग तो खणखणीत आवाज स्वतःवरच चिडून "ना, ना, ना" म्हणाला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

काका मूळचे पत्रकार. उमेदीची वर्षं कोलकात्याच्या वर्तमानपत्रात काढून ते जर्मनीत आले आणि इथल्या रेडिओवर बंगाली बातम्या वाचायला लागले. रोज संध्याकाळी त्यांचा आवाज सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही बंगालांत जाई. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, ह्यांनी इतिहास धरला. विषय होता जर्मन आगबोटींवर राबणारे आपल्याकडचे खलाशी. बहुतेक पूर्व बंगालच्या नदीकाठच्या गावांतले, काही आमच्या कोकणातले. बोटीच्या पोटात कोळसा ओढत ते हॅम्बर्गला येत, धक्क्यावर काही दिवस काढत आणि परत जात. त्यातले मोजके तिथेच राहून गेले होते. काका जर्मनीत नवे आले तेव्हा अशा चार म्हाताऱ्यांना जाऊन भेटले होते, त्यांच्या खोल्यांवर बसून त्यांनी त्यांचं ऐकून घेतलं होतं. ते ऐकणं त्यांनी आयुष्यभर सांभाळलं.

"कागदात जे सापडतं ते सगळं जहाजवाल्यांचं," ते म्हणायचे. "त्यात माणसं कोळशासारखी येतात. किती आली, किती संपली. थंडी वाजली का, हे कोणी लिहीत नाही."

आमचं बोलणं सुरुवातीला हिंदी, जर्मन आणि हातवारे यांच्या खिचडीत चाले. ते बंगाली बोलायला लागले की मला निम्मं कळायचं. संस्कृतातून आलेले शब्द ओळखीचे वाटत, मधलं सगळं निसटून जाई. काकांना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "अर्धं कळतं? वा. मग तूच हवीस मला."

त्यांचं म्हणणं असं, की वाचणाऱ्याला पान मागे उलटता येतं, ऐकणाऱ्याला येत नाही. म्हणून वाक्य एका फटक्यात कळलं पाहिजे. आणि ऐकणारा कधी हात जोडून ऐकत बसलेला नसतो. त्याच्या हातात काहीतरी काम असतं, जाळं विणायचं असतं, तांदूळ निवडायचे असतात. ज्यांच्या नातवंडांसाठी हे पुस्तक लिहिलं जात होतं, त्या गावांत एकजण वाचणार आणि बाकीचे कामं करत ऐकणार, याबद्दल त्यांची खात्री होती. तेव्हा मी शनिवारी यावं, येताना काम घेऊन यावं आणि त्यांच्याकडे अजिबात बघू नये.

अशी माझी नेमणूक झाली. मी मान खाली घालून फरसबीच्या शिरा काढायची किंवा अफगाणी दुकानातून आणलेली मेथी निवडायची. काका एक हात कानामागे धरून, जुन्या सवयीनं, स्वतःचं लिखाण वाचायचे. नजर कागदावर कमी आणि माझ्या हातांवर जास्त. हात चालू राहिला तर वाक्य ठीक. हात थांबला आणि मान वर आली तर वाक्य उत्तम. हात थांबला आणि कपाळाला आठी पडली की ते "ना" म्हणून त्या वाक्यावर रेघ मारायचे. विद्वान मंडळींनी शाबासकी दिलेली कितीतरी वाक्यं माझ्या मेथीनं मारली आहेत. मला त्याचा मोठा अभिमान वाटे.

वाचन संपलं की ते स्वयंपाकघरात जाऊन भात आणि मासा गरम करायचे आणि तिथूनच हाक मारायचे, "खेते आय, मा." जेवायला ये गं. दर शनिवारी हीच हाक, आणि प्रत्येक वेळी ती ऐकून मला माहेरी गेल्यासारखं वाटे.

जेवताना भांडण ठरलेलं. माझं माहेर रत्नागिरीचं. माशाबद्दल मी कोणाचं ऐकून घेत नाही. काकांच्या मते समुद्राचा मासा हा नदी नसलेल्या लोकांनी नाइलाजानं खायचा प्रकार. मी म्हणायची, "काका, तुमच्या त्या काटेरी माशापेक्षा टाचण्यांची डबी खाल्लेली काय वाईट?" ते मनापासून हसत आणि मग हळूच विचारत, की तुमच्याकडे बोटीवरच्या सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, काय मान असतो, तांडेल कोणाला म्हणतात, बोटीवर गेलेल्याची बायको गणपतीला काय करते. आमच्या आळीत दर दुसऱ्या घरातला माणूस बोटीवर होता. मी सांगत बसे आणि दोन-तीन शनिवारांनी तेच माझ्याकडे त्यांच्या आवाजात परत येई, माझ्यापेक्षा कितीतरी नीट सांगितलेलं.

काकांना एक मुलगी होती. तिची आई जर्मन, ती वारून बरीच वर्षं झालेली. मुलगी हॅम्बर्गला बंदरात नोकरी करायची, कंटेनर चढवण्या-उतरवण्याचं वेळापत्रक बघायची. दर रविवारी तिचा फोन येई. मी एकदा तिथे होते. काका जर्मनमध्ये हवामान सांगत होते, ती तिकडून बहुधा हवामानच सांगत असावी. ज्या माणसाच्या तोंडाला मी जेवतानाही कुलूप पाहिलं नव्हतं, त्याला मुलीशी बोलायला विषय सापडेना. मी विचारलं, तिला बंगाली येतं का? ते म्हणाले, "थोडं कळत असेल. उत्तर नेहमी जर्मनमध्ये. तिला ते नकोच आहे." आणि माशाकडे वळले.

मग काका बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना, काठी, सगळं झालं. मुलगी येऊन राहिली, सगळं शिस्तीत लावून गेली, आणि जाताना म्हणाली की त्यांनी आता हॅम्बर्गला यावं. तिच्या घराखालचाच फ्लॅट रिकामा होत होता, लिफ्ट होती. काकांनी साफ नकार दिला. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, धक्क्यावरच्या हिवाळ्याचं, आणि ते म्हणाले की ते इथेच पुरं होईल.

"हॅम्बर्गला मला ऐकणार कोण?" ते मला म्हणाले. "तू आहेस तोवर पुस्तक आहे, मा."

आता या वाक्याचा माझ्यासारखीनं काय अर्थ घ्यावा? मी ठरवलं, एवढा विश्वास टाकलाय तर आपण लायक व्हावं. त्यांना न सांगता बंगाली शिकायला घेतलं. मोबाइलवर धडे, ट्रॅममध्ये पाठांतर, घरी आरशासमोर उच्चार. नवरा म्हणाला, "अगं, एवढा अभ्यास इथल्या परीक्षेसाठी केला असतास तर जर्मन पासपोर्ट मिळाला असता." मी लक्ष दिलं नाही. काकांचा वाढदिवस आला तेव्हा पायेश, म्हणजे बंगाल्यांची तांदळाची खीर, केली, त्यांच्यापुढे वाटी ठेवली आणि अस्खलित बंगालीत सांगितलं की काका, आता मला सगळं कळतं.

काकांचा चेहरा पडला. आनंदानं रडतील असं मला वाटलं होतं, म्हणून रुमालही तयार ठेवला होता. त्यांनी वाटी बाजूला सरकवली.

"सगळं?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"मग आता मी वाईट वाक्य वाचलं तरी तुला कळणार."

मी म्हटलं, हो, कळणार. आणि म्हणता म्हणता ते वाक्य माझ्याच अंगावर आलं. पुढच्या शनिवारी तेच झालं. ते वाचत गेले, मी निवडत गेले, हात कुठे म्हणून थांबेना. लांबलचक, गाठी पडलेली वाक्यंसुद्धा मला लख्ख कळत होती, कारण मी व्याकरण शिकले होते ना. काकांनी कागद खाली ठेवला. रागावलेही नाहीत. नुसते म्हणाले, "माझा तराजू बिघडला." मी घरी आले आणि न निवडलेली मेथी तशीच फ्रिजमध्ये कोंबली. इतकी चीड मला स्वतःच्या हुशारीची कधी आली नव्हती.

आम्ही दुसरा श्रोता शोधला. माझ्या नवऱ्याला बसवून पाहिलं. त्याला पहिल्या परिच्छेदालाच झोप लागली, आणि तो जागेपणीही मराठी नाटकात झोपतो, तेव्हा त्यावरून काही ठरवता येईना. कोलकात्याची एक पीएचडी करणारी मुलगी आली. ती प्रत्येक वाक्याला "अपूर्व" म्हणायची, काकांनी तिला रसगुल्ले देऊन परत पाठवलं. शेवटचं प्रकरण टेबलावर पडून राहिलं. काका जेवायचे कमी झाले, काठी असूनही जिना उतरायचे बंद झाले. पुस्तक राहून गेलं तर हा माणूस त्याच्यामागे फार दिवस राहणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं आणि त्याची मला भीती वाटत होती.

अर्धं बंगाली येणारं, हातात काम धरणारं, खोटं कौतुक न करणारं माणूस कुठून आणायचं? मी भांडी घासताना याचा विचार करत होते आणि मला एकदम हसू आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी हॅम्बर्गला फोन लावला.

"मला?" मुलगी जर्मनमध्ये म्हणाली. "ते मला वाचून दाखवतील? अहो, त्यांनी मला आजवर किराणा मालाची यादीसुद्धा वाचून दाखवलेली नाही."

"तुम्ही शनिवारी नुसत्या या," मी म्हटलं. "फ्लॅटबद्दल बोलायला म्हणून या. बाकी मी बघते."

ती आली. उंच, केस बारीक कापलेले, नाक हुबेहूब काकांचं. रेनकोट दाराशी अडकवला आणि पिशवीतून फ्लॅटचे नकाशे काढले. मी काही बोलू न देता तिच्यापुढे फरसबीचं पातेलं ठेवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि जर्मन माणसाचा एक गुण असा की समोर काम ठेवलं तर ते आधी करतो. तिनं शिरा काढायला घेतल्या.

मी काकांना बंगालीत म्हटलं, "वाचा."

ते म्हणाले, "तिला काय कळणार?"

"तेच तर बघायचंय."

त्यांनी शेवटी कागद उचलला. आवाज सुरुवातीला बसलेला होता. पहिल्याच वाक्याला तिचा हात अडला आणि कपाळावर तीच ती आठी. काकांनी नकळत "ना" म्हणत रेघ मारली. पुढचं वाक्य गेलं. त्यापुढचं अडलं, रेघ. मी भिंतीला टेकून उभी होते, माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. काकांचा हात हळूहळू कानामागे गेला आणि तो खणखणीत आवाज खोलीत परत आला.

मग तो भाग आला. बोटीवरून उतरलेल्या खलाशांकडे बर्फात घालायला बूट नसत. ते पायांना गोणपाट गुंडाळत आणि धक्क्यावरून एकामागे एक चालत. पहिला बर्फ तुडवी, बाकीचे त्याच्या पावलांत पाऊल ठेवत. पुढच्या दिव्याचा खांब आला की पहिला बाजूला होई आणि दुसरा पुढे जाई, म्हणजे थंडी सगळ्यांच्या वाट्याला सारखी येई. हे काकांना त्या म्हाताऱ्यांपैकी एकानं सांगितलं होतं.

तिचा हात थांबला. मान वर आली. ज्या धक्क्यावरून ती रोज कामाला जात होती, तो हाच.

"उंड वेअर गिंग आल्स लेट्स्टर?" तिनं विचारलं. आणि सर्वांत शेवटी कोण चालायचं?

आयुष्यभर काकांनी लाखो लोकांसाठी वाचलं होतं, पण रेडिओवरच्या माणसाला मध्येच कोणी प्रश्न विचारत नाही. मीही कधी विचारला नव्हता, मी तर नुसता तराजू होते. त्यांनी डोळे मिटले. त्यांना ते आठवत होतं, लिहायचं मात्र राहून गेलं होतं. मग ते बंगालीत बोलले, सावकाश, तिच्याकडे बघून.

"शेवटी सगळ्यात म्हातारा चालायचा. त्याची पाळी कधीच यायची नाही. तो तक्रार करायचा, मलाही पुढे येऊ द्या म्हणायचा. बाकीचे त्याला येऊ देत नसत."

"गेनाऊ," ती म्हणाली. अगदी बरोबर. मग फ्लॅटच्या नकाशावर बोट ठेवून, तितक्याच कोरडेपणानं, "ते लिहा."

त्यांनी लिहिलं. लिहून झाल्यावर मान वर करून विचारलं, यावेळी जर्मनमध्ये, की तुला इतकं कळतं कसं?

ती शिरा काढत राहिली. "बटाट्यांमुळे," ती म्हणाली. लहानपणी संध्याकाळी स्वयंपाकघरात आई रेडिओ लावायची. खरखर फार असायची. आई म्हणायची, लक्ष ठेव. बाबांचं शेवटचं वाक्य झालं की मला सांग, मी बटाटे उकडायला टाकते, म्हणजे ते ट्रॅमनं घरी येईपर्यंत शिजतात. शेवटचं वाक्य चुकू नये म्हणून ही मुलगी रोज सगळ्या बातम्या ऐकायची. आणि तिनं मान खाली घालूनच, काकांच्या अगदी त्याच चढउतारात, बंगालीत म्हणून दाखवलं की आजच्या बातम्या इथेच संपल्या.

काकांनी काठी घट्ट धरली.

"मला पूर येतो," ती म्हणाली. "दुष्काळ येतो. संचारबंदी, युद्धबंदी, पंतप्रधानांचा राजीनामा, सगळं येतं. रोजचं काही येत नाही. तुम्ही घरी यायचात तेव्हा जर्मन बोलायचात. मी रागावले नव्हते, मला वाटायचं दिवसभरात तुमचं बंगाली संपून जात असेल. मैत्रिणींच्या घरी त्यांचे बाबा जेवायला हाक मारायचे. तुमच्या भाषेत ते काय म्हणतात, मला आजही माहीत नाही. बातम्यांत ते कधी आलं नाही."

काका उठले. काठी टेकत स्वयंपाकघरात गेले. मी मदतीला पुढे झाले तर त्यांनी हातानं मला थांबवलं. झाकण सरकल्याचा आवाज आला, भात ढवळल्याचा आला. मुलगी हातातली फरसबीची शेंग तशीच धरून दाराकडे बघत होती.

"खेते आय, मा," आतून आवाज आला.

ती हाक इतके शनिवार माझी होती. मी जागची हलले नाही. पातेलं पुढे ओढलं आणि राहिलेली फरसबी निवडायला बसले.